दर आठवड्याला एक शब्द, एक फोटो: तेविसाव्या आठवड्यात गाडी अडकली आहे

चौथा_मजला | १० जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज रडगाणं घेऊन आले आहे.

जानेवारीत आम्ही जुन्या ऑफिसातल्या नऊ जणांनी एक खेळ सुरू केला. दर रविवारी संध्याकाळी एकाने एक शब्द द्यायचा आणि पुढच्या शनिवारी रात्री बाराच्या आत प्रत्येकाने त्यावर एकच फोटो टाकायचा. असे ५२ आठवड्यांचे तयार इंग्रजी तक्ते ढिगाने मिळतात, 'लीडिंग लाइन्स', 'निगेटिव्ह स्पेस' वगैरे. ते नकोत असं ठरलं. शब्द मराठीच हवा आणि शक्यतो दोन-तीन अर्थांचा. आतापर्यंत ओळ, पान, धार, माप, गाठ, तळ, सावली, ओल असे २२ झाले.

माझ्याकडे एक जुना साधा डीएसएलआर, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आणि नंतर हौसेने घेतलेली ५० एमएम एफ १.८. बाकी फोन. शिक्षण यूट्यूबवर.

पहिले दोन-अडीच महिने धमाल होती. 'पान'ला नऊ जणांची नऊ पानं आली. पिंपळाचं जाळीदार, आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीचं, नुसतं मीठ-लिंबू वाढलेलं केळीचं. मी आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्या काकांचा अंगठा काढला होता. कात लावून लावून नखाच्या कडा कायमच्या तांबड्या झाल्यात त्यांच्या. रोज तिथून जाते, कधी दिसल्या नव्हत्या.

एप्रिलपासून मात्र शनिवारी रात्री ११:४० ला मी ओट्यावर वाटी पालथी घालून 'तळ' काढतेय आणि नवरा विचारतोय, "गृहपाठ राहिला का?" अशी अवस्था. त्यात गटातल्या एकाने 'ओल'ला तीन वर्षांपूर्वीचा लडाखचा फोटो टाकला. अख्खा पँगाँग तलाव! त्याला ओल म्हणायचं? पण अंगठे बदाबदा पडले. मी सहा दिवस न्हाणीघराच्या भिंतीपुढे उकिडवी बसले होते, मला तीन अंगठे. त्यातला एक नवऱ्याचा.

तर विचारायचं असं, की विषय घेऊन फोटो काढल्याने हात खरंच सुधारतो का, की नुसता रतीब घातला जातो? आणि जुने फोटो चालवून घ्यावेत का?

या आठवड्याचा शब्द 'वाट' आहे. माझी लागली आहे.

टपोरी_टोमॅटो | १० जून, रात्री १०:३१

शेवटच्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून टाका. शीर्षक: वाट (लागलेली). आठवडा पास.

नुसतीच_वाचक | १० जून, रात्री १०:४०

पानवाल्या काकांच्या अंगठ्याचा फोटो इथे टाका ना!

रानजाई | १० जून, रात्री ११:१५

मी यातून दोनदा गेले आहे. एकदा रोज एक फोटो असं वर्षभराचं व्रत घेतलं, ४१ व्या दिवशी मोडलं. शेवटचे दहा-बारा फोटो चहाच्या कपाचे होते, कारण रात्री साडेअकराला घरात न झोपलेलं तेवढंच असतं. दुसऱ्यांदा आठवड्याचं घेतलं, ते ५२ च्या ५२ पूर्ण केलं. त्यातले साधारण ३० टाकाऊ होते, पण उरलेले मी एरवी कधीच काढले नसते.

माझी एक सवय सांगते. रविवारी शब्द आला की बुधवारपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. वहीत त्या शब्दाचे सुचतील तेवढे अर्थ, म्हणी, वाक्प्रचार लिहायचे आणि पहिले तीन खोडायचे. पहिल्यांदा जे सुचतं ते उरलेल्या आठ जणांनाही सुचलेलं असतं. 'वाट' म्हटल्यावर तुम्हाला आत्ता धुक्यातला रस्ता दिसतोय ना? आणि मग खिडकीशी बसलेली आजी? दोन्ही खोडा.

जुन्या फोटोंचं म्हणाल तर आमच्याकडे नियम होता की शब्द आल्यानंतर काढलेलाच फोटो. वर्षातून तीन 'सुट्ट्या' मिळायच्या, तेव्हाच जुना चालायचा.

विदर्भाचा_पोऱ्या | ११ जून, सकाळी ७:०५

माझं मत उलटं आहे, रागावू नका. फोटो हा भेटतो बाप्पा, तो असा यादी घेऊन शोधायला जायचा नसतो. मी ताडोब्याच्या बाजूचा. समजा माझा या आठवड्याचा शब्द 'निळा' आहे आणि समोर वाघ येऊन बसला, तर मी काय त्याला म्हणू, तू पुढच्या आठवड्यात ये?

शब्द हातात असला की माणूस शब्दच पाहतो, समोरचं पाहत नाही. मग 'गाठ' म्हणून कोणाच्या तरी बुटाची नाडी काढतो. काहून?

रानजाई | ११ जून, सकाळी ८:१२

@विदर्भाचा_पोऱ्या, तुमच्या अंगणात वाघ येतो हो. आमच्याकडे फार तर कुरिअरवाला येतो.

गंमत सोडा. शब्द नसतो तेव्हा मी 'सगळं' पाहते, म्हणजे काहीच पाहत नाही. बुटाची नाडी काढणाऱ्याचं चुकलं ते शब्दामुळे नाही, तो पहिल्याच अर्थावर थांबला म्हणून.

आगफावाले_आजोबा | ११ जून, सकाळी ९:३०

वय ७४. माझा पहिला कॅमेरा आगफा क्लिक थ्री. १२० चा रोल, त्यात चौकोनी १२ फोटो. कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग अशी चित्रं, त्यातलं एक निवडायचं, बाकी हातात काही नाही. थोरल्या बहिणीचं लग्न मी १२ फोटोंत उरकलं. त्यातल्या एकात आंतरपाट धरणाऱ्या काकांची फक्त पाठ आहे, दुसरा रोल गुंडाळताना वाया गेला, म्हणजे खरे १०. रोल धुवायला टाकला की चार-पाच दिवस जीव टांगणीला.

तुम्ही लोक एका मोदकाचे ८० फोटो काढता आणि विषय जड जातो म्हणता. विषय जड नाही, निवड जड आहे. एक करून पाहा. आठवड्याला १२ च वेळा बटण दाबायचं, तेरावा नाही.

आणि जुना फोटो टाकणं म्हणजे कालच्या भाकरीला आज तूप लावून वाढणं. माझ्या मते चालू नये.

टपोरी_टोमॅटो | ११ जून, सकाळी ९:४१

आजोबा, शिळ्या भाकरीला तूप? मस्त लागते हो. वर चटणी हवी.

सुलभा_मावशी | ११ जून, दुपारी १:२०

शिळ्या भाकरीचा विषय निघाल्यावर राहवेना. कुस्करून दूध-गूळ घालून बघा. असो.

फोटोबद्दल माझा एकच अनुभव. नातीने तिच्या क्लासच्या अशाच उपक्रमासाठी मला पुण्याच्या मंडईत नेलं, शब्द होता 'ढीग'. वर तो अष्टकोनी मनोरा आणि खाली ओट्यांवर रचलेली भाजी. तिने एका बाईंच्या टोमॅटोंच्या ढिगासमोर बसून लेन्स रोखली. बाई दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "फोटू झाला असंल तर भाजी घ्या. न्हाई झाला तरी घ्या." आम्ही दोन किलो टोमॅटो घेतले. मग त्यांनी स्वतःच पदर सारखा केला, ढीग नीट रचला आणि म्हणाल्या, "आता काढ." फोटो मात्र आधीचाच चांगला आला होता, ढीग घसरून एक टोमॅटो गडगडत निघाला होता तो.

त्या आठवड्यात घरात टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी आणि टोमॅटो ऑम्लेट.

टपोरी_टोमॅटो | ११ जून, दुपारी १:२५

मी या प्रतिसादाचा निषेध करतो.

मुक्काम_सांगली | ११ जून, रात्री ९:५०

'धार' वाचून काल रात्री मला चेव आला, त्याची कथा सांगतो.

गावी चुलत्यांच्या गोठ्यात दोन म्हशी. म्हटलं चाकू-विळीची धार सगळेच काढणार, आपण दुधाची काढू. पहाटे पाचला कॅमेरा घेऊन गोठ्यात. चुलतीने पुढ्यात पेंड ठेवली, कास धुतली, चरवी गुडघ्यात धरली, पहिली धार पडली आणि मी बटण दाबलं. खट्ट! म्हशीने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मी तिचं कर्ज बुडवलंय. आणि पान्हा चोरला. मग कितीही चुचकारा, थेंब नाही. चुलती म्हणाली, "तुझ्या फोटूपायी दीड लिटर गेलं, आता डेअरीत तू जा आणि सांग."

संध्याकाळी फोन नेला, आवाज बंद करून. म्हैस शांत. धार थिजवायची म्हणून शटर १/१००० सेकंदावर ठेवलं, तर सगळ्या फोटोंत आडवे काळे पट्टे. गोठ्यात एकच एलईडी बल्ब आहे. म्हशीच्या अंगावर झेब्र्यासारखे पट्टे. फोन बिघडला का?

बारीक_नजर | ११ जून, रात्री १०:१५

फोन ठणठणीत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र चित्र एकदम घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर १/१००० असलं की काही ओळींच्या वाट्याला उजेड येतो, काहींच्या वाट्याला अंधार. त्यांचे पट्टे.

प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातील. धार थिजणार नाही, तिची पांढरी रेघ दिसेल. पण मला विचाराल तर धार ही रेघच असते. थेंब थेंब दिसली तर ती गळती.

मुक्काम_सांगली | १२ जून, सकाळी ६:४०

१/५० ला आली! चरवीच्या काठापासून बोटांपर्यंत एकसलग पांढरी दोरी, आणि चुलतीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या जराशा हललेल्या. म्हशीचा फक्त पोटाचा काळा भाग मागे. लई खूश आहे. चुलतीला दाखवला, ती म्हणाली, "माझं तोंड कुठाय?"

(फोटो चढवतोय, 'फाइलचा आकार मोठा आहे' म्हणतंय.)

नुसतीच_वाचक | १२ जून, सकाळी ७:१०

या धाग्यावर आतापर्यंत एकही फोटो दिसलेला नाही याची नोंद घ्यावी.

उकडीची_कळी | १२ जून, सकाळी १०:३०

आजोबांनी मोदकाचं नाव काढलंच आहे तर विचारते. पांढऱ्या ताटलीत पांढरा मोदक, खिडकीचा छान उजेड, तरी फोटोत मोदक राखाडी, शिळा वाटतो. उकड तर पांढरीशुभ्र निघाली होती. कॅमेरा वाईट की मी?

बारीक_नजर | १२ जून, सकाळी १०:५५

दोघंही नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असं धरून चालतो की समोरचं जग सरासरीने मध्यम करडं आहे. सगळं पांढरं दाखवलंत तर त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो फोटो काळसर करतो. काळी म्हैस दाखवली तर उलट उजळ करून करडी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाचं अधिक-उणे चिन्हांचं बटण असतं. मोदकाला +१ पासून सुरुवात करा, म्हशीला -१. फोनवर बोटाने स्क्रीन दाबून सूर्याचं चिन्ह वर सरकवलं की तेच होतं.

उकडीची_कळी | १२ जून, दुपारी १२:०५

झाला पांढरा! आता कळ्या वाकड्या आहेत ते दिसायला लागलं.

हेलसिंकीचा_हरी | १२ जून, दुपारी २:४०

'सावली' शब्द कोणी आणि कधी दिला होता? विचारायचं कारण म्हणजे आम्हीही इथे सहा मराठी घरं असा खेळ खेळतो आणि मला 'सावली' डिसेंबरात आला. २१ डिसेंबरच्या सुमाराला इथे दिवस सहा तासांहूनही लहान असतो आणि सूर्य भर दुपारी क्षितिजाच्या वर जेमतेम साडेसहा अंश येतो, तोही ढग नसतील तर. तीन दिवस ऊनच पडलं नाही. चौथ्या दिवशी वीस मिनिटं पडलं, तेव्हा जेवण टाकून धावलो. बर्फावर माझी सावली माझ्या उंचीच्या जवळजवळ नऊपट! पन्नास फुटी सावली फ्रेममध्ये मावेना. शेवटी डोकं कापलं आणि नुसते पाय ठेवले.

चौथा_मजला | १२ जून, दुपारी ३:३०

@हरी, आमचा 'सावली' बरोबर ११ मेच्या रविवारी आला, म्हणजे शून्य सावली दिवसाच्या तोंडावर. शब्द देणाऱ्याने मुद्दाम दिला होता. सूर्य त्या दिवशी भर माध्यान्हीला अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. मुंबईत साधारण १५ मेला आणि मग २७-२८ जुलैला, पुण्यात मेमध्ये त्याच्या एक-दोन दिवस आधी. मी गच्चीवर सव्वाबाराला तांब्या मांडून बसले. १२:२५ ला सावलीची बारीक चकती, १२:३१ ला गायब. गच्चीची फरशी इतकी तापली होती की चप्पल चिकटली. फोटोत तांब्या हवेत तरंगतोय असं वाटतं. तो माझा या वर्षातला सगळ्यात आवडता फोटो आहे.

हेलसिंकीचा_हरी | १२ जून, दुपारी ३:५२

आमच्या नशिबी शून्य सावली कधीच नाही, कर्कवृत्ताच्या फार वर राहतो. ढगांमुळे शून्य सावली मात्र वर्षातून दोनशे दिवस. (आकडा वैतागातून आला आहे, वेधशाळेतून नाही.)

गारंबीकर_नव्हे | १२ जून, सायंकाळी ६:१५

अवांतर, पण जूनचा महिना आहे म्हणून कोकणातून कळकळीने सांगतो. पावसात फोटो काढून आल्यावर कॅमेरा बॅगेत बंद करून कपाटात ठेवू नका. माझ्या एका लेन्सच्या आत बुरशी चढली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत एक छोटं आर्द्रतामापक. काटा ४०-५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको, पिठूळ धूळ फटींत जाते. आमच्या आईचं म्हणणं वेगळंच, तांदळाला कॅमेऱ्याचा वास लागतो.

आणि पाऊस काढायचा असेल तर उजेड पावसाच्या मागून यायला हवा, दुकानाचा दिवा किंवा गाडीचा हेडलाइट. समोरून उजेड असेल तर धारा दिसतच नाहीत, नुसती ओली माणसं दिसतात.

बारीक_नजर | १२ जून, सायंकाळी ६:४०

सहमत. शटर १/६० च्या आसपास ठेवलं तर धारांच्या रेघा होतात, १/५०० च्या पुढे नेलं तर थेंब सुटे.

विदर्भाचा_पोऱ्या | १२ जून, रात्री ८:२०

कॅमेऱ्याचे आकडे चालू झाले की धागा संपला समजा. मुद्द्यावर या. हे आठवड्याचे विषय, चॅलेंज वगैरे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे. आपल्याकडे कधी होतं हे?

आगफावाले_आजोबा | १२ जून, रात्री ९:०५

होतं की. दादासाहेब फाळके चित्रपटाच्या नादाला लागण्याआधी छायाचित्रकारच होते. १९१२ साली कॅमेरा आणला, पण पैसे लावायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोवून दिवसेंदिवस थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले. पडद्यावर दाखवलं तर वाटाणा बघता बघता उगवला, वेल होऊन वर चढला. ते पाहून भांडवल देणारा तयार झाला. एकच विषय, 'वाढ', आणि आठवडेच्या आठवडे त्याच कुंडीपुढे. याला तुम्ही काय म्हणाल?

टपोरी_टोमॅटो | १२ जून, रात्री ९:१०

निवांत शनिवार नसलेला माणूस.

विदर्भाचा_पोऱ्या | १२ जून, रात्री ९:३३

आजोबा, वाटाण्याला मान देतो. पण त्यांनी विषय स्वतः निवडला होता, दुसऱ्याने रविवारी पाठवला नव्हता. एवढा फरक राहतोच.

आगफावाले_आजोबा | १२ जून, रात्री ९:५०

हे मान्य.

जमाखर्च_जमेना | १३ जून, रात्री १२:१०

हा धागा दोन दिवस गुपचूप वाचतोय, आता बोलावंच लागेल.

तो लडाखवाला मी.

आता कबुली. मी करसल्लागार आहे. 'ओल'च्या आधीच्या पंधरवड्यात जीएसटीची २० तारीख झाली आणि लगेच टीडीएसचं विवरण, त्याची मुदत ३१ मे. शेवटच्या दिवशी कागद घेऊन येणारी मंडळी तुम्हाला माहीत नाहीत. त्यानंतरचा आठवडा मी झोपण्यात घालवला. शनिवारी रात्री ११:५० ला आठवलं, २१ आठवड्यांची साखळी तुटणार. फोनमध्ये 'पाणी' शोधलं, जे वर आलं ते टाकलं. अंगठे पडतील असं वाटलं नव्हतं. पडल्यावर गप्प बसलो, ही चूक.

अख्खा तलाव म्हणजे ओल नव्हे, हेही मान्य. तुमचा न्हाणीघराच्या भिंतीचा फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला होता. पोपड्याच्या खाली जुन्या निळ्या रंगाचा थर डोकावतो तो. अंगठा द्यायचा राहिला.

चौथा_मजला | १३ जून, सकाळी ६:५५

अय्या. तुम्ही इथे आहात! मी नाव घेतलं नव्हतं एवढंच समाधान. आणि हलकेच घ्या हो, राग तलावावर होता.

टपोरी_टोमॅटो | १३ जून, सकाळी ७:०२

*पॉपकॉर्न*

रानजाई | १३ जून, सकाळी ७:३०

@जमाखर्च_जमेना, म्हणूनच त्या तीन सुट्ट्या ठेवायच्या. माझ्या सुट्ट्यांतली एक घर बदलण्यात गेली, एक डेंग्यूत. तिसरी वापरलीच नाही, अजून जपून ठेवली आहे.

वकीलसाहेबा | १३ जून, सकाळी ११:१५

'वाट'च्या यादीत 'वहिवाट' कोणी लिहिलं की नाही? शेताच्या बांधावरून जाण्यावरून जेवढी भांडणं आमच्याकडे येतात तेवढी वाटणीवरूनही येत नसतील. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. दुसऱ्याच्या जागेतून २० वर्षं उघडपणे, हक्काने आणि विनाखंड ये-जा केली तर तो रस्त्याचा हक्क होऊ शकतो. बांधावरची वाट काढा, दोन्ही बाजूंचे भाऊ उभे करा, फोटो आपोआप होईल.

चौथा_मजला | १३ जून, सकाळी ११:४०

वकीलसाहेबा, 'वहिवाट' माझ्या वहीत सहाव्या क्रमांकावर आहे! रानजाईंचं ऐकून बुधवारी लिहायला बसले होते. वाट पाहणे, वाट लागणे, पायवाट (तिन्ही खोडली), वाटसरू, वाटखर्ची, वहिवाट, वाट चुकणे, वाट वाकडी करणे. काहीतरी हाताशी येतंय. उद्या सांगते.

विदर्भाचा_पोऱ्या | १३ जून, दुपारी १२:३०

बघा, पायवाट खोडली. मला तर पायवाटच सगळ्यात चांगली वाटत होती.

चौथा_मजला | १४ जून, रात्री ११:१०

आले. खोडलेली पायवाटच शेवटी परत आली, विदर्भवाल्यांचा विजय असो.

आमच्या सोसायटीत फाटकापासून बी विंगपर्यंत सिमेंटचा काटकोनी रस्ता आहे. लोक मात्र हिरवळीतून तिरके जातात आणि त्याने गवतात एक रेघ पडली आहे. माळीदादांनी मध्ये तीन कुंड्या ठेवल्या, तर लोकांनी कुंड्यांना वळसा घातला. आता रेघेला पोट सुटलंय. हे मी आठ वर्षं चौथ्या मजल्यावरून रोज बघतेय, आणि 'वाट' म्हटल्यावर मला धुक्यातला घाट सुचला होता.

गुरुवारी सकाळी सातला गॅलरीतून पाच वेळा बटण दाबलं (आजोबा, १२ चा नियम पाळला). आभाळ भरलेलं, कोवळं ऊन आडवं पडेल आणि रेघ उठून दिसेल म्हणून थांबले, ते पडलंच नाही. फोटोत नुसतं हिरवं. दुपारी गेले, त्याहून सपाट. रात्री धो धो पाऊस.

शुक्रवारी सकाळी उठून बघते तर सगळी वाट पाण्याने भरलेली. पावलांनी दाबून दाबून ती खोलगट झाली होती, ते वरून कधी कळलं नव्हतं. आता तीत आभाळ उतरलं होतं. हिरवळीत एक पांढरी, कुंड्यांपाशी फुगलेली पट्टी. ५० ची लेन्स, एफ ८, शटर १/२५०, आयएसओ ८००. चार फोटो काढले, चांगले होते, पण वाट रिकामी होती. उरले तीन.

तेवढ्यात दूधवाले दादा आले. रोज याच वाटेने सायकल हातात धरून तिरके येतात. पाण्याशी थांबले, चपलांकडे पाहिलं, आणि सिमेंटच्या रस्त्याने काटकोनात वळून गेले. मी आठ वर्षांत पहिल्यांदा कोणालातरी त्या रस्त्याने नीट जाताना पाहिलं. दहाव्या बटणाला ते बरोबर कोपऱ्यावर आले, सायकल वळलेली, आणि चकाकणारी वाट अख्खी मोकळी.

शीर्षक दिलं 'वाट वाकडी करून'. टाकलाय गटात. आत्तापर्यंत अंगठे चार.

माझ्या प्रश्नाचं म्हणाल तर हात सुधारला का ते ठाऊक नाही, गुरुवारचे पाचही फोटो वाईटच होते. पण जूनमध्ये सोडणार होते, ते सोडत नाहीये. आणि गटात तीन सुट्ट्यांचा नियम आजच लागू झाला.

जमाखर्च_जमेना | १४ जून, रात्री ११:१८

पाचवा अंगठा माझा. मी पहिली सुट्टी लगेच घेतली आहे.

वकीलसाहेबा | १४ जून, रात्री ११:२५

फोटोची तारखेसह प्रत जपून ठेवा. बारा वर्षांनी कुंड्यांवरून दावा लागला तर पुरावा. ;)

नुसतीच_वाचक | १४ जून, रात्री ११:३०

फोटो दिसत नाहीये.

चौथा_मजला | १४ जून, रात्री ११:३४

'फाइलचा आकार मोठा आहे' म्हणतंय.

विदर्भाचा_पोऱ्या | १५ जून, सायंकाळी ७:४०

नवीन शब्द आला का? सहज विचारतोय.

चौथा_मजला | १५ जून, सायंकाळी ७:५८

आला. 'घडी'.

सुलभा_मावशी | १५ जून, रात्री ८:०५

कपड्यांची, पोळीची की मुहूर्ताची?

टपोरी_टोमॅटो | १५ जून, रात्री ८:०६

मावशी, पहिले तीन खोडले गेले.